औद्योगिक द्रावके आणि गावाची विहीर

विहिरीच्या पाण्याची पारख आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी, नाकाने आणि जिभेने होत आली आहे. पाणी गढूळ नसावे, त्यास वास नसावा, ते मचूळ लागू नये आणि त्यात डाळ शिजावी, एवढे झाले की पाणी चांगले. गेल्या काही दशकांत या पारखीत जंतूंची, क्षारांची, नायट्रेटची आणि फ्लोराइडची तपासणी येऊन मिळाली. तथापि कारखान्यांत वापरली जाणारी द्रावके भूजलात उतरली, तर या सर्व कसोट्यांवर पाणी उत्तीर्ण होते आणि तरीही ते पिण्यास अयोग्य असते. औद्योगिक वसाहतींच्या शेजारी असलेल्या गावांतील पंचायत सदस्यांनी, शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी या विषयाची मूलभूत माहिती करून घेणे म्हणूनच अगत्याचे झाले आहे.

सांगली शहराच्या उत्तरेस, बुधगावला लागून असलेले मिरज तालुक्यातील माधवनगर हे या प्रश्नाचा विचार करण्यास एक सोयीचे उदाहरण होय. एका बाजूस शहर, दुसऱ्या बाजूस शेती आणि जवळच कुपवाड व मिरज येथील औद्योगिक वसाहती, अशी त्याची जागा आहे. हे नाव येथे घेतले आहे ते केवळ भूरचना व वस्तीचे स्वरूप ध्यानात यावे म्हणून. महाराष्ट्रात अशी गावे शेकड्यांनी आहेत. लेथ, मिलिंग आणि ओतकामाचे कारखाने, मुलामा देण्याचे उद्योग, मोटारी भरण्याची दुकाने, छपाईचे व रंगाचे कारखाने यांपैकी प्रत्येक ठिकाणी कोणते ना कोणते द्रावक वापरले जाते. यंत्राच्या भागावरील ग्रीस काढण्यास ट्रायक्लोरोएथिलीन, सुक्या धुलाईस परक्लोरोएथिलीन, रंग पातळ करण्यास थिनर, तर पेंडीतील तेल काढण्यास हेक्झेन. कामगारांच्या बोलीत यांपैकी बहुतेकांना ‘केमिकल’ हा एकच शब्द असतो आणि तेथूनच अडचणीस प्रारंभ होतो. कारण या द्रव्यांचे स्वभाव एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत.

हेक्झेन, टोल्युइन, पेट्रोल ही द्रव्ये पाण्यापेक्षा हलकी. ती जमिनीत मुरली तरी भूजलाच्या पातळीवर तरंगतात आणि त्यांचा वास लवकर येतो. क्लोरीनयुक्त द्रावकांची गोष्ट निराळी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, तर एक लिटर ट्रायक्लोरोएथिलीनचे सुमारे १.४६ किलो आणि परक्लोरोएथिलीनचे सुमारे १.६२ किलो भरते. ही द्रव्ये पाण्याहून पातळही असतात. त्यामुळे ती भूजलाच्या पातळीशी थांबत नाहीत. पाण्याला खाली सारीत, भेगाभेगांतून वाट काढीत तळाच्या घट्ट थरापर्यंत जातात आणि तेथील खळग्यांत साचून राहतात. वरून वाहणारे भूजल त्यांचा थोडा थोडा अंश विरघळवून घेऊन पुढे जाते. हा प्रकार वर्षानुवर्षे, प्रसंगी अनेक दशके चालू राहतो.

किती थोडे द्रव्य किती पाणी बिघडविते, याचा एक हिशेब शिक्षकांनी वर्गात अवश्य मांडावा. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातील ट्रायक्लोरोएथिलीनची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एक लिटर द्रावकात असे १४६ कोटी मायक्रोग्रॅम असतात. ते समप्रमाणात मिसळले असे धरले, तर २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत दूषित होते. दहा हजार वस्तीच्या गावास माणशी रोज ५५ लिटर पाणी दिले, तर हे पाणी सुमारे सतरा महिने पुरेल. हे झाले एका लिटरचे. कारखान्यात येणारा ड्रम दोनशे लिटरचा असतो. ट्रायक्लोरोएथिलीन हे मनुष्यास कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित केले आहे. त्याचा विशेष संबंध मूत्रपिंडाच्या कर्करोगाशी आढळला आहे.

या द्रव्यांवर नेहमीचे घरगुती उपाय चालत नाहीत. तुरटीने ती खाली बसत नाहीत. ब्लीचिंग पावडरने जंतू मरतात, द्रावक जसेच्या तसे राहते. पाणी उकळल्यास पुष्कळसे द्रावक वाफेबरोबर निघून जाते हे खरे. परंतु ते जाते स्वयंपाकघराच्या हवेत आणि चुलीपाशी बसलेल्या गृहिणीच्या श्वासात.

दक्खनच्या कातळाचा स्वभाव

पश्चिम महाराष्ट्राची भूमी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेली आहे. विहीर खोदणाऱ्यास ती उभी दिसते : वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मऊ मांजऱ्या आणि त्याखाली काळा कातळ. दोन लाव्हाथरांच्या मध्ये कोठे कोठे लाल गेरूचा पट्टा लागतो. पाणी मुख्यतः मुरमात, मांजऱ्यात आणि कातळाच्या भेगांत असते. कृष्णाकाठी त्यात नदीच्या गाळाची भर पडते. कातळातील भेगा कोठे जोडलेल्या आणि कोठे तुटलेल्या असतात, हे वरून समजत नाही. दोन विहिरी शेजारी असून एकीला पाणी व दुसरी कोरडी, हा अनुभव प्रत्येक शेतकऱ्यास आहे. दूषित पाण्याचेही तसेच होते. कारखान्याच्या कुंपणालगतची विहीर स्वच्छ निघावी आणि अर्धा कोस दूरची दूषित, असे घडू शकते. जवळची एक विहीर तपासून सर्व गावास निर्वाळा देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

काळी माती घट्ट असल्याने ती आपले रक्षण करील, अशी समजूत सर्वत्र आढळते. पावसाळ्यात फुगलेली काळी माती पाणी सहसा खाली जाऊ देत नाही, हे खरेच आहे. परंतु हीच माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि या भेगांतून सांडलेला द्रव सरळ मुरमात उतरतो. दुसरी वाट माणसाने करून ठेवलेली असते. उघडी विहीर, कोरडी पडलेली विंधन विहीर, सांडपाण्याचा शोषखड्डा हे सर्व कातळात जाणारे तयार मार्ग होत. आटलेल्या बोअरमध्ये टाकाऊ द्रव्य ओतणे हा तर उघड गुन्हा आहे. तो रात्री होतो आणि त्याचा पुरावा जमिनीखाली राहतो.

भोपाळचा धडा

भारतात द्रावकांनी दूषित झालेल्या भूजलाचे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण भोपाळचे आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची वायुदुर्घटना सर्वांस ठाऊक आहे. तिच्याहून कमी बोलली जाणारी गोष्ट अशी, की युनियन कार्बाइडच्या त्या कीटकनाशक कारखान्यात कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म, डायक्लोरोबेंझीन यांसारखी द्रव्ये वापरली जात आणि टाकाऊ माल आवारातील खड्ड्यांत, तसेच १९७७ पासून बाहेरील बाष्पीभवन तळ्यांत जात असे. या तळ्यांतून गळती होत असल्याचा उल्लेख १९८२ च्या कारखान्याच्या अंतर्गत पत्रव्यवहारातच आहे.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, १९९० व १९९७ मध्ये या जागेचे अभ्यास केले. घट्ट मातीच्या जाड थरामुळे दूषित द्रव्य भूजलापर्यंत पोचण्यास सुमारे २३ वर्षे लागतील, असा अंदाज त्यात होता. कंपनीच्याच वतीने अहवाल तपासणाऱ्या आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेने मात्र प्रतिकूल परिस्थितीत हा काळ दोन वर्षांइतका अल्प असू शकेल, अशी शंका नोंदविली. एकाच मातीविषयी तेवीस आणि दोन, एवढा फरक! १९९९ मध्ये ग्रीनपीसने घेतलेल्या नमुन्यांपैकी एका विहिरीत लिटरला ३,४१० मायक्रोग्रॅम कार्बन टेट्राक्लोराइड आढळले. अमेरिकेच्या ५ मायक्रोग्रॅम या मर्यादेच्या ते ६८२ पट होते.

पुढे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाधित वस्त्यांना शुद्ध पाणी पुरविण्याचा आदेश दिला. २०१० च्या सुमारास नीरीने व हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने केलेल्या पाहणीत दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन निघाला. आवारातील शेडमध्ये ठेवलेला ३३७ टन विषारी कचरा मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूर येथे नेण्यात आला आणि त्याच वर्षीच्या जूनअखेर त्याचे ज्वलन पूर्ण झाले. दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी हलला तो ३३७ टन. ११ लाख टन मातीचा आणि तिच्याखालील पाण्याचा प्रश्न त्याने सुटला नाही. जमिनीवर पिंपांत भरून ठेवलेली वस्तू न्यायालय, अधिकारी, वृत्तपत्रे या सर्वांना दिसते. कातळात उतरलेली वस्तू कोणासच दिसत नाही आणि म्हणून तिचा क्रम शेवटी लागतो.

शुद्धीकरणाच्या रीती

दूषित भूजल स्वच्छ करण्याचे पहिले काम म्हणजे उगम शोधून तो बंद करणे. गळकी टाकी, पुरलेली पिंपे, द्रावकाने भिजलेली माती काढली नाही, तर पुढील सर्व खर्च चाळणीत पाणी भरण्यासारखा होतो. भूजलाच्या पातळीवरील मुरमात द्रावकाची वाफ साचलेली असेल, तर नळ्या पुरून ती पंपाने ओढून काढता येते व कोळशातून गाळता येते. कोरड्या मुरमात ही रीत चांगली चालते. ओल्या काळ्या मातीत हवा खेळत नाही, तेथे ती कुचकामी ठरते.

सर्वांत जुनी व सर्वत्र वापरली गेलेली रीत म्हणजे दूषित पाणी उपसून, शुद्ध करून पुन्हा सोडणे. उपसलेले पाणी उंच मनोऱ्यातून खाली सोडतात आणि खालून हवेचा जोरदार झोत देतात. द्रावक उडनशील असल्याने हवेबरोबर निघून जाते; ती हवा पुढे सक्रिय कोळशातून नेतात. तंत्र सोपे आहे, आपल्याकडील अभियंत्यांना सहज साधणारे आहे. परंतु त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये अशा ७७ जागांचा आढावा घेतला, तेव्हा ६९ जागी ठरविलेले उद्दिष्ट गाठले गेले नव्हते. उपसा सुरू होताच दूषिताचे प्रमाण झपाट्याने उतरते, मग वर्षानुवर्षे एकाच पातळीवर रेंगाळते आणि पंप बंद केला की पुन्हा चढते. कातळाच्या बारीक छिद्रांत शिरलेले द्रावक सावकाश परत बाहेर येत असते, हे त्याचे कारण. तरीही या रीतीचा एक मोठा उपयोग निर्विवाद आहे : योग्य जागी केलेला उपसा दूषित पाण्याला गावाच्या विहिरींकडे सरकू देत नाही. आणि अयोग्य जागी केलेला उपसा त्याला ओढून आणतो! उसाच्या पाण्यासाठी रात्रंदिवस चालणाऱ्या एखाद्या बागायती विहिरीचा पंप दूषित पाण्याची दिशाच बदलू शकतो.

द्रावक जमिनीतच नष्ट करण्याच्या रीती गेल्या तीस-चाळीस वर्षांत पुढे आल्या. त्यांपैकी एकीतील द्रव्य ग्रामीण वाचकांच्या परिचयाचे आहे. पटकीच्या साथीत विहिरीत टाकले जाणारे जांभळे पोटॅशियम परमँगनेट ट्रायक्लोरोएथिलीनच्या रेणूतील दुहेरी बंध तोडते आणि त्यापासून कार्बन डायऑक्साइड व क्लोराइड उरते. म्हणून कोणी विहिरीत परमँगनेटच्या पुड्या सोडू नयेत. हे काम मोजून-मापून, विशिष्ट खोलीवर, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होते. शिवाय भोपाळात सापडलेल्या कार्बन टेट्राक्लोराइड व क्लोरोफॉर्म यांच्या रेणूत दुहेरी बंध नसतो, त्यामुळे त्यांवर परमँगनेटचा प्रभाव पडत नाही. कोणते द्रावक आहे हे नक्की कळल्याशिवाय औषध ठरविता येत नाही.

दुसरी रीत लोखंडाची. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० च्या सुमारास दाखवून दिले, की लोखंडाच्या दाणेदार चुऱ्यातून दूषित भूजल वाहू दिले, तर लोखंड गंजता गंजता द्रावकातील क्लोरीन हिरावून घेते. १९९४-९५ मध्ये कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे एका जुन्या इलेक्ट्रॉनिक कारखान्याच्या जागी भूजलाच्या वाटेत लोखंडी चुऱ्याची भिंत पुरण्यात आली. तिला ना वीज लागते, ना पंप. सांगली-कोल्हापूर भागातील ओतशाळांतून बिडाचा कीस किती निघतो, हे पाहता ही कल्पना मोहात पाडणारी आहे. अडचण दोन ठिकाणी येते. यंत्रावरून निघालेला कीस तेलकट असतो, तो तसाच पुरला तर नवेच प्रदूषण होईल. आणि अशी भिंत वाळूच्या किंवा गाळाच्या थरात चर खणून घालता येते; काळ्या कातळातील भेगांना आडवी भिंत घालणे जवळजवळ अशक्य आहे. नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात तिचा विचार होऊ शकेल.

तिसरी रीत जिवाणूंची, आणि येथे साखर पट्ट्यातील वाचकांची उत्सुकता वाढावी. प्राणवायू नसलेल्या पाण्यात काही जिवाणू क्लोरीनयुक्त द्रावकावरच आपला श्वसनव्यवहार चालवितात व त्यातील क्लोरीन एकेक करून काढतात. ट्रायक्लोरोएथिलीनचे निरुपद्रवी एथिलीनमध्ये पूर्ण रूपांतर करणारा जिवाणू अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ मध्ये जगापुढे मांडला. या कामास पूरक खाद्य म्हणून अमेरिकेत अनेक जागी साखर कारखान्याची मळी पाण्यात मिसळून जमिनीत सोडण्यात आली आहे. मळीचा आपल्याकडे तुटवडा नाही. परंतु येथेही घाई नडते. योग्य जिवाणू नसतील, तर ही क्रिया मध्येच व्हिनाइल क्लोराइडपाशी अडते आणि ते मूळ द्रावकाहून अधिक घातक, निश्चित कर्करोगकारक द्रव्य आहे. शिवाय मळीमुळे पाण्यात लोह व मँगनीज उतरते, दुर्गंधी सुटते. आसवन्यांच्या सांडपाण्याने तपकिरी झालेल्या विहिरी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

एकंदरीत दक्खनच्या कातळात कोणतीही एक रीत पुरी पडणारी नाही. उगम काढणे, उपसा करून दूषित पाणी रोखणे, गावास दुसरे पाणी देणे आणि दीर्घकाळ तपासणी करीत राहणे, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. कोणी सहा महिन्यांत विहीर पूर्ववत करून देण्याचे आश्वासन दिले, तर त्यास हिशेब विचारावा.

कायदा आणि पंचायत

कायद्याची बाजू पुरेशी भक्कम आहे. महाराष्ट्राने या क्षेत्रात लवकर पाऊल टाकले होते. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम १९६९ चा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना १९७० ची. केंद्राच्या १९७४ च्या जल अधिनियमात ‘प्रवाह’ या शब्दाच्या व्याख्येत भूगर्भातील पाण्याचाही समावेश आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. कलम २४ अन्वये प्रवाहात किंवा विहिरीत विषारी द्रव्य जाऊ देण्यास मनाई आहे. घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांनुसार असा कचरा कारखान्याच्या आवारात सामान्यतः ९० दिवसांहून अधिक साठविता येत नाही.

दूषित जागेच्या सफाईचा खर्च कोणी सोसावा, याचा निर्णय १९९६ मध्ये झाला. राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावात रंगनिर्मितीस लागणाऱ्या एच-ॲसिडच्या कारखान्यांनी विहिरी निकामी केल्या होत्या. हे द्रव्य द्रावक नव्हे, पण प्रश्न तोच. नीरीच्या अहवालाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी हे तत्त्व लागू केले. सफाईचा खर्च ३७.३८५ कोटी रुपये धरण्यात आला. ही रक्कम भरली न गेल्याने २०११ मध्ये न्यायालयास चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश द्यावा लागला. कारखाने थोडाच काळ चालले. खटला दोन दशकांहून अधिक चालला. गावाच्या विहिरी त्या काळात कोणी वापरल्या असतील?

जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यांनुसार जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित दूषित जागांची यादी करावयाची आहे. तिच्यावर राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी आणि पुढील तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करून जागा दूषित आहे किंवा नाही हे ठरवावयाचे आहे. जबाबदार व्यक्ती निश्चित झाल्यास खर्च तिच्याकडून घ्यावयाचा. ही यादी जिल्ह्याच्या कार्यालयात बसून तयार होणार नाही. कोणत्या बंद कारखान्यामागे पिंपे पुरली आहेत, कोणत्या वर्षी कोणत्या विहिरीस वास येऊ लागला, कोणत्या मळ्यातील जनावरे पाणी पिईनाशी झाली, हे गावातच माहीत असते. ग्रामसभेने ते तारखेसह लिहून ठेवले व ठराव करून तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठविले, तर त्या नोंदीस वजन येते. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विहिरींच्या पातळीच्या नोंदी असतात. पाणी कोणत्या दिशेने वाहते हे त्यावरून काढता येते.

आणखी एका गोष्टीकडे सदस्यांनी लक्ष द्यावे. कारखान्यातून भंगारात गेलेली द्रावकांची पिंपे धुऊन घरोघर पाणी साठविण्यास विकली जातात. पिंप कितीही विसळले, तरी द्रावकाचा अंश प्लास्टिकच्या अंगात मुरलेला राहतो. नियमांनी ही रिकामी पिंपेही घातक कचऱ्यात मोडतात.

नमुना घेताना नेहमीची प्लास्टिकची बाटली चालत नाही. द्रावक तिच्या बुचातून व अंगातून उडून जाते आणि अहवाल स्वच्छ येतो. टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या झाकणाची काचेची लहान कुपी प्रयोगशाळेकडून मागवून घ्यावी. ती काठोकाठ, आत एकही बुडबुडा राहणार नाही अशी भरावी व झाकून उलटी करून पाहावी. बर्फाच्या पेटीत ठेवून लगेच रवाना करावी आणि दोन आठवड्यांच्या आत गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रावर तिची तपासणी व्हावी. विंधन विहिरीचा नमुना पंप काही वेळ चालवून, नळीतील साचलेले पाणी निघून गेल्यावरच घ्यावयाचा. मागणीपत्रात ‘रासायनिक तपासणी’ एवढेच लिहिल्यास क्षार व कठीणपणा यांचा तक्ता हाती येतो. ‘उडनशील सेंद्रिय द्रव्ये’ असे स्पष्ट लिहावे आणि जवळच्या कारखान्यांत वापरात असलेल्या द्रावकांची नावे सोबत द्यावी. एक नमुना पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात पाणी खोल गेलेले असताना आणि दुसरा पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, त्याच विहिरीतून व त्याच खोलीवरून घेतला जावा.

विहीर दूषित निघाली, तर ती बुजविण्याची घाई करू नये. गावास नदीवरील नळयोजनेचे पाणी मिळू लागले, तरी अशी विहीर कुलूपबंद करून निरीक्षणासाठी राखावी. दूषिताची चढउतार समजण्यास तिच्याइतकी उपयोगी जागा दुसरी नाही. मात्र जी पडीक विंधन विहीर वरचे दूषित पाणी खालच्या कातळात उतरविते आहे असे भूवैज्ञानिकाच्या पाहणीत आढळेल, ती तळापासून तोंडापर्यंत सिमेंटने भरून बंद करावी लागते. वर फरशी टाकून वा दगड-मातीने बुजवून हे काम होत नाही.